आधी उघडा, मग ‘मेला’ म्हणा

‘पाणी गेलंय, आता काही होणार नाही. नवा घ्या.’

बंगळूरला पोस्टिंगवर आल्यापासून हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते कुणी बोलायला लागलं की पुढचे शब्द मीच पूर्ण करतो. माणूस भिजलेला डिजिटल कॅमेरा घेऊन काउंटरवर जातो. काउंटरवरचा पोरगा बॅटरीचं झाकण उघडतो, आत डोकावतो, हिरवट डाग दिसला की झाकण बंद करतो. अर्धा मिनिट. पेचकस हातात घेतलेला नसतो, पण मृत्यूचा दाखला मात्र तयार असतो. आणि आपण तो मुकाट्याने खिशात घालून घरी येतो.

माझं भांडण या अर्ध्या मिनिटाशी आहे. भिजलेले कॅमेरे उघडून दुरुस्त करणं हा माझा छंद. ड्यूटी संपल्यावर क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात एक टेबल, एक दिवा, एक भिंग, एवढाच संसार. मी ईएमईचा नाही, इन्फंट्रीचा माणूस. तरीही ठामपणे सांगतो की पाण्यात पडलेले बरेच कॅमेरे पाण्याने मरत नाहीत. ते आपल्या घाईने, आपल्या अडाणी उपायांनी आणि दुसऱ्याने न उघडता दिलेल्या निकालाने मरतात.

दोन शिक्के

फौजेत राहिलेल्यांना दोन शिक्के पाठ असतात. बीएलआर आणि बीईआर. नागरी वाचकांसाठी सांगतो. पहिल्याचा अर्थ, ‘इथं, या पातळीवर दुरुस्त होण्यासारखं नाही, मागे पाठवा’. दुसऱ्याचा अर्थ, ‘दुरुस्तीचा खर्च परवडणार नाही, रद्द करा’. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. युनिटमध्ये जमलं नाही तर लाइट एड डिटॅचमेंट, तिथं नाही तर फील्ड वर्कशॉप, तिथंही नाही तर बेस वर्कशॉप. इथं बंगळूरलाच उलसूरला ५१५ आर्मी बेस वर्कशॉप उभी आहे. वस्तू एकेक पायरी मागे जाते, आणि रद्दचा शिक्का मारायचा तर आधी तपासणी होते, कागद होतो, कुणीतरी सही करून जबाबदारी घेतो.

बाजाराने या दोन शिक्क्यांचा एकच शिक्का करून टाकलाय. ‘मला जमत नाही’ याला ते ‘होत नाही’ म्हणतात. काउंटरवरच्या पोराला कॅमेरा उघडायचं शिक्षण दिलेलं नाही, वेळ दिलेला नाही, भाग दिलेले नाहीत. त्याच्या पातळीवर ते काम बीएलआर आहे, हे मला मान्य. पण तो ग्राहकाला सांगतो बीईआर. आणि ‘परवडत नाही’ हे ठरवतो कोण? ज्याला नवा कॅमेरा विकायचा आहे तो. वैद्यानेच सरणाच्या लाकडांचं दुकान काढावं, तसला हा प्रकार.

पाणी नेमकं काय करतं

आधी शत्रू ओळखू. निव्वळ शुद्ध पाणी विजेचं वाईट वाहक आहे. घात करतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. पुराचं पाणी, गटाराचं पाणी, समुद्राचं पाणी, चहा, सगळ्यांत ते असतात. कॅमेऱ्यात बॅटरी असेल तर त्या खारट पाण्यातून नको तिथं वीज वाहायला लागते आणि सर्किटवरचं तांबं विरघळायला लागतं. केसाएवढ्या रेघा, टाचणीच्या टोकाएवढे सांधे. बॅटरी आत असताना हा नाश मिनिटांत आणि तासांत होतो. बॅटरी काढली की तोच वेग दिवसांवर आणि आठवड्यांवर येतो.

म्हणजे लढाई पहिल्या मिनिटात अर्धी जिंकता येते. बॅटरी काढा, कार्ड काढा, बटण दाबू नका. ‘चालू होतोय का बघू’ हा मोह सगळ्यांत घातक. घरातले सगळे जण पाळीपाळीने बटण दाबून बघतात, आणि जे पाण्याने केलं नसतं ते बोटाने होतं.

आता तांदूळ. हा आपल्या घराघरांतला राष्ट्रीय उपाय. फोन भिजला, तांदळात. कॅमेरा भिजला, तांदळात. घड्याळ भिजलं, तांदळात. तांदूळ फार तर डब्यातल्या हवेतला थोडा ओलावा ओढेल. धातूच्या कवचाखाली, चिपच्या पोटाखाली, कनेक्टरच्या दातांत अडकलेलं पाणी तो बाहेर कसं काढणार? आणि समजा पाणी सुकलंच, तरी क्षार तिथंच राहतात. पावसाळ्याच्या दमट हवेत तेच क्षार पुन्हा ओलावा धरतात आणि गंज पुन्हा सुरू होतो. म्हणून तर ‘तांदळात ठेवला, चालू झाला, दोन महिन्यांनी आपोआप बंद पडला’ ही कहाणी प्रत्येक घरात आहे. आपोआप काही नाही. आत जे साचलं होतं ते कुणी धुतलंच नव्हतं. वर तांदळाचं पीठ लेन्सच्या नळीत गेलं ते वेगळंच.

भिजलेल्या कॅमेऱ्याला नुसतं सुकवून भागत नाही. आधी तो धुवावा लागतो. हे वाक्य ऐकून लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात, पण बाकावरचं सगळं काम या एका वाक्यात आहे.

बाकावरचं काम

क्रम साधा आहे. बॅटरी आणि कार्ड काढून झालं की कॅमेरा उघडायचा. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू दिसायला आपल्या नेहमीच्या चौफुली स्क्रूसारखे असतात, पण त्यांची खाच जेआयएस या जपानी मापाची असते. साधा पेचकस त्यात घसरतो आणि डोकं खातो. त्यामुळे पहिला खर्च योग्य पेचकसाचा. दुसरी गोष्ट, कागदावर कॅमेऱ्याचा आकार काढायचा आणि जिथला स्क्रू तिथंच त्या चित्रावर चिकटवायचा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आतल्या बोर्डात घुसतो.

आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहावी अशी. फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात एक कपॅसिटर असतो, करंगळीच्या पेराएवढा. त्यात तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठते आणि बॅटरी काढली तरी ती तशीच राहू शकते. कॅमेरा छोटा म्हणून झटका छोटा नसतो. आधी मल्टिमीटरने मोजायचं, मग रेझिस्टर लावून ती वीज हळूहळू रिकामी करायची, मग पुन्हा मोजायचं. पेचकसाने ठिणगी पाडून नाही. बंदूक साफ करायच्या आधी चेंबर तपासतो ना, तसंच हे. ज्याला ही शिस्त पाळायची नाही त्याने या छंदात येऊ नये.

पुढे बोर्ड सुटे करायचे. पट्ट्यांसारख्या रिबन असतात, त्यांच्या कनेक्टरची बारीक कडी उचलून त्या सोडवायच्या, ओढायच्या नाहीत. काही कॅमेऱ्यांत घड्याळासाठी बोर्डवरच एक बटणाएवढा सेल जोडलेला असतो. मोठी बॅटरी काढली तरी तो वीज देत राहतो, म्हणून गंज त्याच्या आजूबाजूला जास्त दिसतो. मग धुणं. घाण किंवा खारं पाणी गेलं असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटर, कारण मीठ अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही. त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, जवळजवळ शुद्ध, नव्याण्णव टक्क्यांचं. ते उरलेलं पाणी बाहेर ढकलतं आणि स्वतः उडून जातं. खिडक्या उघड्या, आसपास ज्योत नाही. मऊ टूथब्रशने हिरवं-पांढरं सगळं घासून काढायचं. हे फक्त बोर्डांसाठी. लेन्स आणि सेन्सर यांची गोष्ट वेगळी, तिथं ब्रश फिरवायचा नाही.

सुकल्यावर मल्टिमीटर. पुष्कळदा दोषी निघतो तो तांदळाच्या कणीएवढा एक फ्यूज. तो मेलेला असतो कारण त्याने आपलं काम केलेलं असतं, बाकीच्या बोर्डाला वाचवलेलं असतं. तेवढ्याच मापाचा दुसरा लावायचा. तार टाकून जोडायचा नाही.

हे सगळं सामान कुठं मिळतं? बंगळूरच्या टाउन हॉलच्या पाठीमागे, सदर पत्रप्पा रोडवर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एसपी रोडवर. त्या गल्ल्यांत कन्नड, तमिळ, उर्दू, हिंदी, सगळ्यांची खिचडी ऐकू येते. तिथं फूटभर रुंदीच्या दुकानात बसलेला माणूस भिंगातून बोर्डाकडे बघून सांगतो, ‘इदर देखो साब, ये लाइन कट है.’ त्याच्याकडे कुठल्या कंपनीचं प्रमाणपत्र नाही. पण तो उघडून बघतो. त्याच्यात आणि वातानुकूलित काउंटरमध्ये मला हा एकच फरक महत्त्वाचा वाटतो.

येलहंक्याचा कॅमेरा

या शहराला पाण्याची उदाहरणं कमी नाहीत. सप्टेंबर २०२२मध्ये बेल्लंदूर आणि आउटर रिंग रोडचा भाग असा बुडाला की आयटीवाले ट्रॅक्टरमध्ये बसून कामाला गेले. ऑक्टोबर २०२४मध्ये येलहंक्यात इमारतींच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि आवारात बोटी फिरल्या. त्या दुसऱ्या पावसातला एक कॅमेरा माझ्याकडे आला. तळमजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त सुभेदार साहेबांचा, त्यांच्या शेवटच्या दोन पोस्टिंगभर सोबत राहिलेला. एका सेवा केंद्राने तो न उघडताच परत केला होता आणि बदल्यात नव्या मॉडेलचं माहितीपत्रक हातात ठेवलं होतं. साहेबांनी एक गोष्ट मात्र फौजी शिस्तीने केली होती. पाणी घरात शिरताच कॅमेऱ्याची बॅटरी काढून ठेवली होती.

उघडला तेव्हा आत गटाराच्या पाण्याचा वास होता आणि बॅटरीच्या खणाजवळच्या बोर्डावर हिरवा थर. मुख्य बोर्ड जवळजवळ स्वच्छ. दोन संध्याकाळ धुण्यात गेल्या, एक सुकण्यात. फ्यूज एक बदलला. एका कनेक्टरच्या दोन पिना कथिलाने पुन्हा जोडल्या. कॅमेरा चालू झाला. त्याचा अंगचा फ्लॅश आजही चालत नाही आणि लेन्समध्ये एका कोपऱ्यात पाण्याचा पुसट डाग आहे. बाकी कॅमेरा फोटो काढतो. साहेबांनी पहिला फोटो मॅडमचा काढला, त्या चिडल्या, कारण त्यांनी गाऊन घातला होता.

मी जादू विकत नाही. समुद्रात पडलेले कॅमेरे माझ्या बाकावर बहुतेक मेलेच. आठ-दहा महिने कपाटात ओले राहिलेले, तेही. ज्यांचा सेन्सर पूर्ण खराब झाला त्यांचे मी भाग काढून ठेवतो, दुसऱ्याला लावायला. फौजेत याला कॅनिबलायझेशन म्हणतात आणि ते परवानगीने करतात. पण मेलेला कॅमेरा मी उघडून, बघून, मोजून मेलेला म्हणतो. मालकाला सांगतो, हा भाग गेला, या कारणाने गेला. तेवढं ऐकण्याचा त्याचा हक्क आहे. नोकरीच्या वस्तूंना मात्र हा नियम लागू नाही. सरकारी साहित्य भिजलं तर ते त्याच्या ठरलेल्या मार्गाने जाईल, घरच्या टेबलावर येणार नाही. आणि दुसऱ्याच्या कार्डावरचे फोटो बघायचे नाहीत, परत द्यायचे.

हे असं का झालं

काउंटरवरच्या पोराला शिव्या देऊन उपयोग नाही. तो साखळीतली शेवटची कडी. खरा प्रश्न भागांचा आणि माहितीचा आहे. निकॉनने अमेरिकेत २०१२ साली स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग विकणं थांबवलं. उरलेल्या अधिकृत स्वतंत्र दुकानांची योजनाही मार्च २०२०अखेर बंद केली. जगातली एवढी जुनी आणि नावाजलेली कंपनी असं करते, तेव्हा बाकीच्यांना रस्ता दिसतो.

दुसरीकडे कॅमेऱ्याचा धंदाच आटला. जपानच्या कॅमेरा उत्पादक संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१०मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३मध्ये ८० लाखसुद्धा नाहीत. म्हणजे आपल्या कपाटांत जे छोटे कॅमेरे पडून आहेत, त्यांतले बहुतेक आता कुणी बनवतच नाही. त्यांचे भाग आता दुसऱ्या बंद कॅमेऱ्याच्या पोटातूनच येणार. अशा वेळी एकेक कॅमेरा ‘रद्द’ म्हणून भंगारात घालणं म्हणजे दारूगोळा संपत आलेला असताना पेटी नदीत टाकण्यासारखं आहे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर पुनर्वापरात गेला नाही, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्या ढिगात किती वस्तू न उघडता गेल्या असतील याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

आपल्याला काय मिळालं

आपल्या सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू झालं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्याची चार क्षेत्रं. मे २०२५मध्ये दुसऱ्या एका समितीने दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाचा अहवाल दिला. वस्तू किती सहज दुरुस्त होते याला गुण द्यायचे आणि ते ग्राहकाला दिसतील असे ठेवायचे. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून. चांगलं आहे. पण पोर्टल म्हणजे माहिती देणारी पाटी, कायदा नव्हे. आणि कॅमेरा त्या रांगेत कुठं आहे?

आता याच शहराची गंमत बघा. ३१ मार्च २०२३ रोजी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने भारताला जगाचं दुरुस्ती केंद्र बनवण्यासाठी एक प्रायोगिक योजना सुरू केली. कुठं? बंगळूरमध्ये. परदेशातल्या बिघडलेल्या वस्तू इथं आणायच्या, दुरुस्त करायच्या, परत पाठवायच्या. पाच वर्षांत २० अब्ज डॉलरपर्यंत कमाई होऊ शकते, असं तेव्हा सांगितलं गेलं. म्हणजे आपल्या हातांना दुरुस्ती येते हे सरकारला मान्य, कंपन्यांना मान्य. परदेशातली वस्तू विमानाने इथं येऊन दुरुस्त होणं परवडतं, आणि येलहंक्याचा कॅमेरा शिवाजीनगरात दुरुस्त होणं परवडत नाही? हा कुठला हिशेब?

जगात काय चाललंय तेही बघा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या कायद्याने, १०० डॉलर किंवा त्याहून महाग इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ते मॉडेल बनणं थांबल्यापासून सात वर्षं भाग, साधनं आणि माहिती पुरवणं उत्पादकावर बंधनकारक केलंय. आणि फौजी वाचकांनी हे लक्षात ठेवावं, ३० एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी आपल्या लष्कराला आदेश दिला की यंत्रसामग्रीच्या करारांत दुरुस्तीचा हक्क घाला. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत फौजेला कळून चुकलं की विकत घेतलेली वस्तू आपल्या माणसाला उघडता येत नसेल, तर ती वस्तू खरं तर आपली नाही. रणगाड्याला जे लागू तेच कॅमेऱ्याला.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप, ‘तुझ्या वेळेची किंमत काय? तेवढ्या वेळात नवा येईल.’ संध्याकाळी क्वार्टरमध्ये मोबाइलवर रील बघत घालवलेल्या दोन तासांची किंमत कुणी विचारत नाही. पेचकस हातात घेतला की मात्र सगळे हिशेबनीस होतात. बुद्धिबळ खेळणाऱ्याला कुणी विचारतं का, प्याद्यामागे किती मिळाले?

दुसरा, ‘आता फोनमध्येच चांगला कॅमेरा आहे.’ आहे ना. म्हणून सांगली-कोल्हापूरच्या ऑगस्ट २०१९च्या पुरात किंवा २२ जुलै २०२१ला चिपळुणात ज्याचं स्टुडिओचं दुकान पाण्यात गेलं असेल, त्याला जाऊन हे सांगा. लग्नसराई तोंडावर, दोन कॅमेरे चिखलात, कर्ज डोक्यावर. त्याला फोनचं कौतुक ऐकायचं नसतं. त्याला बोर्ड धुणारा माणूस हवा असतो, आणि तो पहिल्या दोन दिवसांत हवा असतो. पुरानंतर आपण धान्य, चादरी, औषधं घेऊन जातो, ते बरोबरच. मग डिस्टिल्ड वॉटरचे कॅन, अल्कोहोल, ब्रश आणि चार जाणकार हात का जाऊ नयेत? पोट भरायचं साधन वाचवणं हीही मदतच.

तिसरा आक्षेप जवळच्या माणसांचा, आणि तो मला सगळ्यांत जास्त लागतो. ‘अरे, फौजी माणसाने हे भंगारवाल्याचं काम करायचं?’ यावर मला थोडं कडक बोलायचंय.

ईएमई, सिग्नल्स, वायुसेना यांतून रेडिओ, रडार, तोफेची यंत्रणा दुरुस्त केलेली माणसं चाळिशीच्या आसपास घरी येतात. त्यांतली कितीतरी मी या शहरात बघतो. कुठं? मॉलच्या दारात, सोसायटीच्या गेटवर, गाड्यांचे नंबर वहीत लिहिताना. काम कुठलंच हलकं नाही, प्रामाणिकपणे केलेली राखण सन्मानाचीच. पण ज्या हातांनी बर्फात, टॉर्चच्या उजेडात सेट चालू केले, त्या हातांत आपण फक्त वही आणि शिट्टी देतो. गेटच्या आत राहणाऱ्यांच्या कपाटांत बंद पडलेली उपकरणं पडून, आणि ती दुरुस्त करू शकणारा माणूस गेटवर उभा. मधे फक्त एक समजूत आहे, दुरुस्ती म्हणजे गरिबाचं काम. ही समजूत काउंटरने बाजाराला शिकवली आणि आपण ती आपल्याच माणसांना लावली. त्यांचं कौशल्य कुणी उघडून बघितलंच नाही.

ही समजूत मोडता येते, याचा पुरावाही याच शहरात आहे. ॲम्स्टरडॅममध्ये ऑक्टोबर २००९ला पहिला रिपेअर कॅफे भरला. बंगळूरमध्ये नोव्हेंबर २०१५ला दोन महिलांनी, अंतरा मुखर्जी आणि पूर्णा सरकार यांनी, तीच कल्पना सुरू केली. लोक बिघडलेली वस्तू घेऊन येतात आणि जाणकारांसोबत बसून स्वतः दुरुस्त करतात. वस्तू टाकून पळायचं नाही, शेजारी बसायचं, बघायचं, स्क्रू धरायचा. मला हे फार फौजी वाटतं.

आपल्या माजी सैनिक संघटनांची तालुक्या-तालुक्यात कार्यालयं आहेत. महिन्यातल्या एका रविवारी तिथलं एक टेबल रिकामं करा. सातारा, सांगली, कोल्हापूर, चिपळूण, कुठंही. एक निवृत्त क्राफ्ट्समन, एक मल्टिमीटर, दोन ब्रश, आणि शिकायला शाळेतली चार पोरं. फ्लॅशचा कपॅसिटर आधी मोजायचा हे त्या पोरांना सुभेदार साहेबांच्या आवाजात एकदा सांगितलं की ती जन्मात विसरणार नाहीत.

मागणी

सरकारकडे मागणी तीनच गोष्टींची. दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकात कॅमेरा घ्या. मॉडेल बंद झाल्यावरही ठरावीक वर्षं भाग आणि दुरुस्तीची माहिती कुणालाही विकत मिळेल असा कायदा करा, नुसतं पोर्टल नको. आणि ‘दुरुस्त होणार नाही’ असं सांगणाऱ्याला ते कारणासह लेखी देणं भाग पाडा. आम्हाला टायर रद्द करताना कागद लागतो, तुम्हाला माणसाचा कॅमेरा रद्द करताना लागू द्या.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर काउंटरवर गेलात तर मान खाली घालून परत येऊ नका. तीन प्रश्न विचारा, आवाज न चढवता. उघडून बघितला का? कोणता भाग गेलाय? तो भाग मला विकत देता का? तिन्हींची उत्तरं ‘नाही’ आली, तर समजा की निकाल कॅमेऱ्याचा लागलेला नाही. बॅटरी बाहेरच ठेवा, तांदळाचा डबा तांदळासाठी राहू द्या, आणि तो कॅमेरा घेऊन उघडून बघणाऱ्या माणसाकडे जा.